महादेवचं पोट आणि आमचे पोहे

समोरचा माणूस बोलत नव्हता आणि मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

इंदापुरातल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागची ती खोली. पूर्वी तिथे सलाईनच्या बाटल्यांची खोकी असायची. ती एका भिंतीला सरकवून डॉक्टरांनी मला एक टेबल आणि दोन खुर्च्या दिल्या होत्या. एका खुर्चीवर मी. दुसरीवर महादेव, टेम्पो ड्रायव्हर, वय सत्तावीस, तक्रार पोटदुखी.

समुपदेशन शिकताना शांतता या विषयावर आमचं एक अख्खं लेक्चर झालं होतं. माणूस गप्प बसला तर त्याला बसू द्यावं. घाईने पुढचा प्रश्न विचारू नये. शांतता जड झाली की तो आपणहून बोलतो. पुण्यात बहुतेक तसं होत असावं. महादेव भिगवणहून मासळीचा टेम्पो चालवायचा. बाजारात गाडी खाली होईपर्यंत स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प बसणं हा त्याच्या कामाचाच भाग होता. शांतता मलाच जड झाली.

मधेच कंपाउंडरने दार ढकललं, आत कुणी नाही असं समजून दिवा बंद केला आणि निघून गेला.

"लावू का?" महादेवने विचारलं.

त्या दिवशीच्या सेशनमधलं त्याचं हे एवढंच वाक्य. रिपोर्टात मी लिहिलं, 'क्लायंट पुढाकार घेतो.'

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बारामतीत शाळेत शिकवत होते. पस्तिशी उलटली होती. वर्गातली मुलं का गप्प होतात, का पळून जातात, हे पट्टीने सुटत नाही एवढं कळलं होतं, म्हणून पुण्याचा समुपदेशनाचा डिप्लोमा करायला घेतला. शनिवारी एसटीने पुणे, आठवड्यातून एक दुपार इंदापूर. लेखी परीक्षा झाल्या होत्या. राहिली होती एक पूर्ण केस.

केस म्हणजे काय ते सांगते. एक माणूस घ्यायचा. त्याच्याशी काही वेळा बसून बोलायचं. झोप, भूक, व्यसन, स्वभाव, घराण्यातले आजार, सगळी हकीकत विचारायची. मग एकदा त्याच्या घरी जाऊन तीच माहिती घरच्यांकडून आणि शेजाऱ्यांकडून पडताळून घ्यायची. याला केस हिस्टरी म्हणतात. आणि हे सगळं करताना सल्ला द्यायचा नाही. माणसाला त्याचा मार्ग त्याचा त्याला दिसला पाहिजे. हे शेवटचं कलम मी घरी सांगितलं तेव्हा माझे मिस्टर, जे बँकेत आहेत, म्हणाले, "मग फी कसली घेणार?"

महादेवला डॉक्टरांनीच माझ्याकडे पाठवलं. "सगळ्या तपासण्या झाल्या. पोटात काही नाही. तुमच्या खात्यातलं असेल तर बघा."

त्याचं पोट रोज दुखत नव्हतं. मुलगी बघायला गेलं की दुखायचं. पाहुण्यांच्या घरी बसायचं, पोहे यायचे, आणि दोन घास खाल्ले की पोटात पीळ पडायचा, घाम फुटायचा. शेवटच्या घरी तो बशी ठेवून परसात पळाला होता. मुलीच्या वडिलांनी विचारलं, मुलाला काय आजार आहे? ते लग्न तिथेच फिसकटलं. त्याआधीचीही फिसकटली होती. आणखी एकदा असं झालं असतं तर पोटाचा रोगी म्हणून त्याचं नाव पंचक्रोशीत पक्कं झालं असतं.

त्याचं घर सुप्याच्या पलीकडे, माळावरच्या मेंढपाळांच्या वस्तीवर. सुप्यात दवाखाने होते, बारामतीत तर होतेच. पण तिथे नातेवाईकही होते. म्हणून इंदापूर.

"मॅडम, एक सांगतो," तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. "मी हितं येतो ते कुणाला कळाय नको. पोटाचं कळलं तर पोरगी मिळायची न्हाय. आन तुमच्याकडं येतो ते कळलं तर गाडीबी मिळायची न्हाय."

त्याचं बरोबर होतं. त्या काळी इंदापुरात समुपदेशक म्हणजे वेड्यांचा डॉक्टर. मी त्याला शब्द दिला. आमच्या कामात त्याला गोपनीयता म्हणतात आणि ती मोडली तर डिप्लोमा विसरायचा. (महादेव हे नाव मी बदललेलं आहे. टेम्पोत मासळी होती हे बदललेलं नाही. लिहायला हरकत नाही ना म्हणून विचारलं तेव्हा त्यानेच सांगितलं, मासळी राहू द्या.)

"पोट तेव्हाच का दुखत असेल? तुम्हाला काय वाटतं?" मी विचारायची.

"मला काय वाटायचं? तुमी शिकल्याल्या."

"तरी पण?"

"पोह्यात काय तरी असंल."

घरचे पोहे खाऊन काही होत नव्हतं. स्टँडवरचे खाऊन काही होत नव्हतं. मुलींची भीती वाटते का, म्हणून विचारलं. तो म्हणाला, मुलगी यायच्या आधीच पोट दुखतं, तिला बघायची पाळीच येत नाही. वडील तो लहान असताना, ऐन तिशीत गेले. चुलत्यांनी वाढवलं. त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्यांचं नाव निघालं की महादेव खुर्चीत सरळ बसायचा. "तात्यांनी आमच्यासाठी लई केलं." याच्यापुढे गाडी जात नव्हती.

म्हणून मी घरभेट काढली. महादेवला विचारलं, तो हो म्हणाला, फक्त पोटाचं बोलू नका म्हणाला. मग मी कोण म्हणून जाणार? आमच्या पुण्याच्या सुपरवायझर कर्णिकबाईंना विचारलं.

"खोटं बोलू नका. सगळं सांगूही नका," त्या म्हणाल्या. "कुटुंबांचा अभ्यास करते आहे म्हणा. ते खरंच आहे."

त्याप्रमाणे एका रविवारी मी सुप्याला उतरले आणि जीपने वस्तीच्या फाट्यावर गेले. फाट्यावर चहाचं हॉटेल होतं. हॉटेलवाल्याने विचारलं, "कुनाकडं?"

मी महादेवच्या घरचं नाव सांगितलं. "तशी खास ओळख नाही. जरा कुटुंबांची माहिती घ्यायची होती. अभ्यासासाठी."

"अभ्यासासाठी," तो म्हणाला. त्याने टेबल पुसलं. मी आल्यावर पुसलं नव्हतं. "गाव कंचं तुमचं?"

संवाद मोकळा व्हायचा असेल तर आधी स्वतःबद्दल थोडं सांगावं, असं आम्हाला शिकवलं होतं. मी सांगितलं. सासरचं आडनाव, माहेरचं आडनाव, मिस्टर बँकेत. आमचीही मंडळी मूळची मेंढरंवाली, सासऱ्यांच्या लहानपणी घरात कळप होता, हेही सांगितलं. म्हटलं, आपलेपणा वाटेल.

"घरात आनखी कोन?"

"सासूबाई, मुलगा, नणंद."

"ननंद काय करती?"

"डी.एड. करते."

हॉटेलवाला बाकड्यावरच्या माणसाकडे वळला. "जा, तात्यांना सांग. पाव्हन्या आल्यात."

तो सायकलवर टांग मारून गेला. मी तेवढ्यात हॉटेलवाल्याला प्रश्न विचारून घेतले.

"महादेव स्वभावाने कसे आहेत?"

"गाय हाय गाय."

"राग येतो का?"

"राग कशाशी खात्यात ते ठावं न्हाय त्याला."

"दारू, तंबाखू?"

"दारू आमच्या गावात मिळतच न्हाय." त्याच्या मागे भिंतीला टेकून एक माणूस भर दुपारी झोपला होता. हॉटेलवाला जरा सरकून त्याच्या पुढे उभा राहिला.

वाटेत भेटलेल्या दोन बायकांनी तर मी न विचारता सांगितलं की पोरगं सकाळी उठून अंगण झाडतं. मला कमाल वाटली. केस हिस्टरी मिळवताना लोक दार लावून घेतात, असं वर्गात ऐकलं होतं. इथे लोक दार उघडून वाट बघत होते.

महादेव टेम्पो घेऊन गेला होता. तात्या उंबऱ्यात उभे होते. पांढरं धोतर, डोक्याला लाल मुंडासं, आवाज माळावरून हाक मारायच्या सवयीचा. मी बसायच्या आत घराच्या मागच्या बाजूने मेंढरं शेजारच्या रानाकडे चालली. पुढे चालणारी बाई त्यांना हळू, हळू असं करत होती. तात्या आडवे उभे राहून माझ्याशी पावसाबद्दल बोलले.

"रान किती?" असं मी विचारलंच नव्हतं. तात्या म्हणाले, "बारा एकर. समदी बागायत."

खिडकीतून दिसत होतं ते रान मला बागायत वाटलं नाही. पण मी शेतीची तज्ज्ञ नव्हते.

"घराण्यात कुणाला काही मोठा आजार?"

"आमच्या घराण्यात मरायच्या दिसापतोर कुनी आजारी पडत न्हाय."

"महादेवचे वडील कशाने गेले?"

"वयानं," तात्या म्हणाले.

चहा आला तेव्हा अंगणात एक ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. चालवणारा उतरला, माझ्याकडे बघून नमस्कार केला आणि ट्रॅक्टरला टेकून उभा राहिला. काम काही करेना.

"आपलाच," तात्या म्हणाले.

मी लिहून घेतलं, ट्रॅक्टर आहे.

पुढच्या शनिवारी मी ही सगळी हिस्टरी मोठ्या अभिमानाने कर्णिकबाईंसमोर ठेवली. त्यांनी शेवटपर्यंत वाचली. चष्मा काढला.

"राग नाही. व्यसन नाही. झोप उत्तम. घराण्यात आजार नाही. अंगण झाडतो. हा क्लायंट आहे?"

"हो."

"या माहितीवर मी माझी मुलगी देईन. केस म्हणून पास करणार नाही." त्यांनी कागद परत दिले. "तुम्हाला यातलं कुणीही एक अक्षर खरं सांगितलेलं नाही. का नाही सांगितलं ते शोधा. नाहीतर दुसरी केस घ्या."

दुसरी केस म्हणजे आणखी सहा महिने. आणि महादेवचं काय, ते वेगळंच. मी एसटीत बसून बारामतीपर्यंत विचार केला, का नाही सांगितलं?

उत्तर घरी बसलेलं होतं. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, ओट्यावर दार अडवून बसल्या होत्या.

"सुनंदाचं ठरवायला निघालीस? आणि आम्हाला सांगायची गरज नाही?"

सुनंदा म्हणजे माझी डी.एड. करणारी नणंद. ती आतून डोकावली. "वहिनी, मुलगा काय करतो ते तरी सांग. मला बाहेरून कळायला नको."

झालं असं होतं. सकाळी दोन माणसं आमच्या आळीत येऊन गेली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात त्यांनी काडेपेटी घेतली आणि आमच्या घरी कोण कोण, मुलगी कशी, जेवण करता येतं का, सगळं विचारलं. मग शेजारच्या नलूताईंकडे पाणी प्यायले आणि तेच विचारलं. जाताना तात्यांचं नाव आणि बारा एकर बागायत सांगून गेले. उद्या मुलाला घेऊन येतो म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि लाजच वाटली. आमच्या भागात लग्न ठरवण्याआधी मुलीकडचं कुणीतरी मुलाच्या गावात जाऊन गुपचूप चौकशी करतं. चौकशीला आलेला माणूस मी चौकशीला आलोय असं कधी म्हणत नाही. शेळी विकायची आहे का विचारतो, रस्ता चुकलो म्हणतो. अभ्यासाला आले असं आजवर कुणी म्हटलं नसेल, एवढाच फरक. आणि तो विचारतो काय? स्वभाव, राग, दारू, झोप, घराण्यातले आजार. आमची केस हिस्टरी हीच. शिवाय मी हॉटेलात बसून घरात डी.एड. करणारी नणंद आहे, हे आपण होऊन सांगून आले होते. माझं स्वतःचं लग्न असल्याच चौकशीतून जमलं होतं, तरी मला पुण्याच्या शिकवणीपुढे ते आठवलं नाही.

"आत्या, मी लग्नासाठी गेले नव्हते. कामासाठी गेले होते."

"कसलं काम?"

"ते सांगता येत नाही."

हे वाक्य बोलल्यावर माझं मलाच कळलं की आता काही उपयोग नाही. खरं सांगितलं तर महादेव माझ्याकडे येतो हे नलूताईंमार्फत दिवेलागणीपर्यंत सुप्याला पोचलं असतं. वस्तीवर फोन नव्हता. पाहुण्यांना येऊ नका म्हणायचं तर कारण सांगायला हवं, आणि कारण नेमकं तेच.

"आलेल्या माणसाला दारातून घालवायचं नाही," आत्यांनी निकाल दिला. "बघू तरी. बारा एकर म्हणतायत."

मिस्टर पेपरच्या आडून म्हणाले, "हिचा डिप्लोमा मला आता कळायला लागलाय."

रविवारी सकाळी सुनंदाने कांदे चिरून दिले आणि स्टुलावर बसली. "पोहे तूच कर. मी केले तर ठरेल."

पाहुणे तिघे आले. तात्या, तो ट्रॅक्टरवाला, आणि मधे महादेव. त्याला फक्त बारामतीला जायचंय, पांढरा शर्ट घाल, एवढंच सांगितलं होतं. दारात मला बघितल्यावर त्याचा एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर राहिला. बाहेर कुठे क्लायंट भेटला तर आपण आधी ओळख दाखवायची नाही, असा नियम आहे. मी दाखवली नाही. त्यानेही नाही. साबणाचा एवढा वास येत होता की किमान दोन वेळा अंघोळ झाली असावी.

मी पोह्यांच्या बशा ठेवल्या आणि दाराशी उभी राहिले. यजमानीण म्हणून उभी होते, पण बघत होते समुपदेशक म्हणून. ज्या प्रसंगात माणसाला त्रास होतो तो प्रसंग डोळ्यांनी बघायला मिळणं आमच्या धंद्यात दुर्मीळ. माझ्या दिवाणखान्यात तो चालत आला होता.

तात्यांनी सुरुवात केली. "पोरगं गुनाचं हाय. शब्दाला शब्द करत न्हाय."

महादेवने एक चमचा खाल्ला. काही झालं नाही.

"रान बारा एकर. समदी बागायत. बोअरला पानी मावत न्हाय."

चमचा बशीतच थांबला.

"ट्रॅक्टर घरचा."

डावा हात पोटावर गेला. शेजारी ट्रॅक्टरवाला पोहे खात होता, त्याने मान हलवली.

"आन पोराचा ट्रान्सपोर्टचा धंदा. सोताची गाडी. पुन्यापतोर माल जातो."

कपाळावर घाम. बशी खाली.

तेवढ्यात आत्यांनी विचारलं, "तुमच्याकडे यंदा पाऊस कसा?"

"कुठला पाऊस?" तात्या म्हणाले. "सुप्याकडं ढग येत्यात आन आमाला बघून जात्यात." हे खरं होतं. महादेवने बशी पुन्हा उचलली आणि दोन घास खाल्ले.

तात्या बोअरवर परत आले. बशी परत खाली.

माझा तोल जायची वेळ आली होती. इतक्या तपासण्या, एवढी सेशन्स, आणि कारण माझ्यासमोर मुंडासं बांधून बसलं होतं. पोह्यांचा दोष नव्हता, मुलींचाही नव्हता. तात्यांचं एकेक वाक्य महादेवच्या पोटात जात होतं आणि तिथे टिकत नव्हतं.

"तात्या, जरा थांबा," आत्या म्हणाल्या. माझ्या सासूबाईंचा कुणाच्याही चुलत्यावर विश्वास नाही. "मुलालाही तोंड आहे. काय हो, गाडी कसली तुमची?"

महादेवने माझ्याकडे बघितलं. मला काहीही बोलता येत नव्हतं. तात्यांनी तोंड उघडलं. ते उत्तर देणार, आणि महादेव परसात पळणार, हे मला स्पष्ट दिसलं. मी पोह्यांचं पातेलं उचललं आणि तात्यांच्या बशीत दोन डाव वाढले, वर खोबरं.

"घ्या ना तात्या. गार होतात. आमच्याकडे पाहुण्यांनी टाकलेलं चालत नाही."

तात्या जुन्या वळणाचे. वाढलेलं अन्न पुढे असताना बोलत बसणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी मोठा घास घेतला.

खोलीत शांतता झाली. माझी इंदापूरची शांतता. मिस्टरांनी पेपर खाली घेतला. या वेळी ती मला जड झाली नाही.

"टेम्पो मालकाचा हाय," महादेव म्हणाला. "भिगवनचा. मासळीचा. मी ड्रायव्हर."

तात्यांचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी हात वर केला.

"रान चार एकर. जिरायत. बोअर घेतली, तर नुसता फुफाटा निघाला. ट्रॅक्टर ह्यांचा."

"व्हय, माझा," ट्रॅक्टरवाला म्हणाला. बहुतेक इतका वेळ ते ऐकवत नव्हतं त्यालाही.

"आन मेंढरं हायती. थोडी. तुमी... कुनी चौकशीला आलं की पलीकडच्या रानात घालतो."

तात्यांनी घास गिळला. "पोरगं थट्टेखोर हाय."

"थट्टा करताना घाम येतो व्हय?" आत्या म्हणाल्या. त्याही मूळच्या तिकडच्याच. जोरात बोलायला लागल्या की बारामती गळून पडते.

महादेवने बशी घेतली. पोहे संपवले. मग बशी माझ्यापुढे धरली. "आनखी हायती का?"

मी वाढले. दुसरी बशी खाताना तो तात्यांकडे न बघता बोलायला लागला. पहिल्या मुलीच्या वेळची गोष्ट. बैठक छान झाली होती. दोन दिवसांनी तेच पाहुणे सोलापूरकडे जाताना भिगवणला मासे खायला थांबले. समोरच हा डोक्यावर क्रेट घेऊन टेम्पोतून उतरत होता, पाणी अंगावर गळत होतं. मुलीच्या वडिलांनी ओळखलं.

"मला म्हनालं, ट्रान्सपोर्ट जोरात दिसतंय. आन जेवाय लागलं. त्यांची पोरगीबी होती संगं."

तात्यांनी बशी खाली ठेवली. "मला न्हाय सांगितलंस."

"तुमी चारचौघांत मोठ्या तोंडानं सांगितल्यालं. तुमाला खाली बघाय कसं लावू?"

तात्या बराच वेळ मुंडासं नीट करत बसले. ते नीटच होतं.

"मी म्हनलं पोरगी मिळंल," ते शेवटी म्हणाले.

"मिळंल की. पन आल्यावर तिला काय दावू?"

आत्या म्हणाल्या, "चहा टाक गं." चहा झाला. मग त्यांनी कुणी न विचारता निकाल सांगितला. "आमची मुलगी जिरायतात द्यायची नाही. आधीच सांगते, वाट बघू नका. पण तात्या, हितनं पुढं पोराला बोलू द्या. तुम्ही पोहे खावा." डिप्लोमाभर मी जे करायचं टाळलं होतं ते त्यांनी एका वाक्यात करून टाकलं. आतून सुनंदाचा आवाज आला, "वहिनी, पोहे संपले."

निघताना तात्या माझ्यापाशी थांबले. "ताई, मग तुमी आमच्याकडं आला कशाला हुता?"

"सांगितलं ना, अभ्यासाला."

"कुटुंबांच्या?"

"कुटुंबांच्या."

त्यांनी जरा विचार केला. "झाला?"

"झाला," मी म्हटलं. महादेव तेव्हा चपला घालत होता. त्याने मान वर केली नाही.

त्यानंतर तो इंदापूरला एकदाच आला. खुर्चीवर बसला. कंपाउंडर डोकावला, पण या वेळी दिवा चालू ठेवून गेला.

"मॅडम, आता यायचं का?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"न्हाय वाटत."

"मग नको."

केस बंद झाली. पुढच्या वर्षी त्याचं लग्न ठरलं, इंदापूरजवळच्याच एका गावात. बैठकीत तोच बोलला, मासळी, चार एकर, मेंढरं, सगळं. तात्या दोन बशा पोहे खाऊन गप्प होते. मुलीने एकच विचारलं, वास जातो का? तो म्हणाला, पुरता जात नाही. ती म्हणाली, बरं.

माझी तोंडी परीक्षा कर्णिकबाईंनीच घेतली. शेजारी बाहेरचे एक परीक्षक होते. नवा रिपोर्ट त्यांनी वाचला होता.

"सल्ला कुणी दिला?" परीक्षकांनी विचारलं.

"माझ्या सासूबाईंनी."

"त्या आपल्या विद्यार्थिनी नाहीत," कर्णिकबाई म्हणाल्या. "पुढे विचारा."

"मग नेमक्या क्षणी तुम्ही स्वतः काय केलंत?"

"चुलत्यांना पोहे वाढले."

"आणि क्लायंटशी बोललात काय?"

"काहीच नाही."

कर्णिकबाईंनी पेनचं टोपण लावलं. "घरभेटीला कमी मार्क देते. शांततेला पूर्ण देते."

मी पास झाले. शाळेत समुपदेशक म्हणून लागले आणि पुढे त्याच कामात निवृत्त होईन असं दिसतंय. घरभेटी अजून करते. आता माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे. चपला काढायच्या आधी सांगते, मी शाळेतून आले आहे आणि आमच्या घरात लग्नाचं कुणी नाही. मगच झोप, भूक, स्वभाव. तरीसुद्धा एखाद्या घरी चहा येईपर्यंत अंगणात ट्रॅक्टर येऊन उभा राहतो. मी तो लिहून घेत नाही.